भोंग्याचे दहा दिवस

भोंग्याने यमुनेचा हात धरला तेव्हा मी तिच्यापासून चार पावलांवर होते, दोन्ही हातांत सुके बोंबील होते, आणि ते टाकून धावायचं माझ्या डोक्यात लगेच आलं नाही. हे पहिलं लिहून घ्या. पुढे मी सगळ्यांवर चिडून बोलणार आहे, तर माझं आधी लिहा. वैशाख संपत आलेला, आभाळ एकाएकी भरून आलं, खळ्यावर सगळी सुकट पसरलेली, वाड्यातल्या बायका आपापला माल उचलायला धावत सुटलेल्या, आणि यमुना, माझी नणंद, पंधरा वर्षांची, घरातून रिकामी पाटी डोक्यावर पालथी घालून पळत आली, एक हात वर पाटीला लावलेला. कुत्रा सरळ त्या हातावर गेला. भुंकला नाही, गुरगुरला नाही. कोपराच्या खालचं मांस धरलं आणि झटका दिला. यमुना आधी ओरडलीसुद्धा नाही, वयनी, एवढंच म्हणाली, चुलीवर दूध उतू जातंय हे सांगायला हाक मारावी तसं. मग ओरडली.

मी वलांडीचा बांबू उपसून त्याच्या जबड्यात आडवा घातला तेव्हा त्याने सोडलं. हात बघवत नव्हता. तोवर माझा नवरा धर्मा होडीवरून धावत आला, वल्हं हातात तसंच, आणि ते त्याने कुत्र्याच्या डोक्यावर उगारलं. मी मध्ये पडले. म्हटलं, आधी बहिणीकडे बघ. तो म्हणाला, बाजूला हो गो, न्हायतर तुझ्याच टाळक्यात घालीन. आणि घातलंच, पण ते माझ्या मांडीवर बसलं. त्या कुशीला वळून मी अजून झोपू शकत नाही, आणि साठ वर्षं होऊन गेली.

आणि कुत्र्याची दोरी कोणी सोडली होती, तर मी.

आता मागचं सांगते, नाहीतर तुम्हाला कळणार नाही. माझं माहेर किहीमचं. बाप मासे मारायचा, आई विकायची. गावात शाळा होती, तिथे मी तीन इयत्ता शिकले. बाळबोध वाचता येतं, मोडी येत नाही. मग लग्न झालं आणि होडीतून इकडे आले, मुरुड आणि आगरदांडा यांच्या मधल्या ह्या कोळीवाड्यात. तेव्हा इथे नबाबाचं राज्य, किहीमला इंग्रजाचं, पण बायकांना त्याने काय फरक पडतो, तिकडेही मासळी सुकवायची आणि इकडेही मासळी सुकवायची. घरात सासू, धर्मा आणि यमुना. सासरा समुद्रात गेला तो परत आला नव्हता, त्याला चार वर्षं झाली होती.

कुत्रा मला नको होता. लोक बोलायचे, हिरीला मूल होईना म्हणून तिने कुत्रा धरला. सासू तर माझ्या तोंडावर मला कुत्र्याची आई म्हणायची. सगळं खोटं. कुत्रा धर्माने आणला, खळ्यासाठी. खळं म्हणजे मासळी सुकवायची शेणाने सारवलेली जागा, आणि वलांडी म्हणजे बोंबील लटकवायला बांधलेले आडवे बांबू. तिथे दिवसभर कावळे, घारी, मांजरं. एक बाई तिथेच अडकून पडते. धर्मा म्हणाला, कुत्रं ठेवू, तुला तेवढीच मोकळीक. दोन महिन्यांचं पिल्लू आणलं आणि त्याच दिवशी जाळ्याच्या दोरीने वलांडीच्या खांबाला बांधलं. ते मला आजपर्यंत डाचतं. दोन महिन्यांचं पिल्लू, त्याला आईच्या पोटाखालून काढलं आणि वाटेच्या कडेला खांबाला बांधलं, जिथून सगळा वाडा येतो जातो. आगबोटीचा भोंगा वाजला की ते तोंड वर करून रडायचं, म्हणून यमुनेने नाव ठेवलं भोंग्या.

मग त्याला शिकवलं. आमच्यात कावळे आले की बाई रिकामी पाटी उचलते, डोक्यावर धरते, काठीने बडवते आणि ओरडते. सासूने तसंच केलं. पाटी वर धरायची, बडवायची, आणि त्याच वेळी कुत्र्याची दोरी सोडायची, छू म्हणायचं. कुत्रा कावळ्यांवर धावायचा. आठ दिवसांत शिकला. सासू सगळ्यांना सांगत सुटली, आमचं कुत्रं बघा, पाटी उचलायचा अवकाश, वाऱ्यासारखं सुटतं. बायका बघायला यायच्या. मीपण हसले तेव्हा. कोणाच्या लक्षात आलं नाही की ह्या वाड्यात पाटी कोण उचलत नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत इथल्या प्रत्येक बाईच्या डोक्यावर पाटी असते आणि एक हात वर असतो.

कुत्रा वर्षाचा झाला आणि सुरू झालं. मुरुडच्या बाजाराला निघालेली बाई खळ्याजवळून गेली की तो दोरीला हिसके द्यायचा, तोंडाला फेस येईपर्यंत भुंकायचा. लोकांनी काय करावं, तर दगड मारायचे. पोरं मासळीची डोकी दाखवून मागे घ्यायची, आणि नुसती पोरं नाहीत, मोठे बाप्येसुद्धा, होडीवरून येताना वल्ह्याने डिवचायचे आणि हसायचे. मग संध्याकाळी त्यांच्याच बायका माझ्या दारात, तुझं कुत्रं अंगावर येतं. मी म्हणायचे, तुझ्या नवऱ्याला विचार का येतं. भांडणं व्हायची. शेजारची चांगुणा, तिचं नि माझं तर रोजचं. ती मुद्दाम खळ्यासमोर थांबायची, पदर खोचायची आणि म्हणायची, हिरे, तुझ्या लेकाला सांग, मावशी चालली बाजाराला, काय आणू. मी म्हणायचे, तुझी जीभ आण, विसरून आलीस वाटतं घरी.

भोंग्याचं सगळं माझ्या गळ्यात आलं. धर्मा समुद्रावर, सासूचे गुडघे दुखायचे, यमुनेला त्याची भीती. मी त्याला भर उन्हात किनाऱ्यावर न्यायचे, जेव्हा दुसरं कोणी वाळूत पाय ठेवत नाही. माझ्या तळव्यांना फोड आले. त्याच्यावर नजर ठेवून ठेवून मी त्याला ओळखायला शिकले. भुंकतो तेव्हा भिऊ नये, भुंकणं म्हणजे जा इथून. पण तो गप्प झाला, कान मागे गेले, शेपटी काठीसारखी ताठ झाली की दोरी मनगटाला दोन वेढे द्यायची. आणि असंच बघता बघता एक दिवस मला दिसलं की चांगुणेवर तो धावतो आणि तिच्या म्हातारीवर धावत नाही. म्हातारी पाठीतून वाकलेली, ती पाटी कमरेवर न्यायची. मी स्वतः करून बघितलं. पाटी कमरेवर घेऊन त्याच्यासमोरून गेले, गप्प बसला. तीच पाटी डोक्यावर घेतली, मी, त्याला रोज खायला घालणारी, तर मलासुद्धा दात दाखवले.

मी सगळ्या बायकांना सांगितलं, माझ्या खळ्यासमोरून जाताना तेवढी वीस पावलं पाटी कमरेवर घ्या. काय सांगू तुम्हाला, किती हसल्या. चांगुणा म्हणाली, आता काय भोंग्याला विचारून ओझी उचलायची आम्ही, उद्या सांगशील लुगडं कसं नेसायचं ते पण त्याला विचारा. सासू म्हणाली, तीन बुकं शिकली म्हणून कुत्र्याच्या मनातलं कळायला लागलं हिला. कोणी ऐकलं नाही. एकट्या यमुनेने ऐकलं. ती वर्षभर खळ्यासमोरून पाटी कमरेवर नेत होती, भरलेली असली तरी, कंबर मोडली तरी. आणि त्या एका दिवशी पाऊस येतोय म्हणून घाईत विसरली, आणि त्याच दिवशी मी कुत्रा सोडला होता, कारण गडगडाटाला घाबरून तो दोरी ओढत होता आणि खांब हलायला लागला होता, सगळी वलांडी बोंबलांसकट खाली आली असती. बोंबील वाचवायला सोडला. पाऊस तर आलाच नाही. चार थेंब पडले आणि ऊन पडलं.

हातावर सासूने मिरचीची पूड आणि चुना भरला होता, मी अडवायच्या आत. कुत्रा पुन्हा खांबाला बांधला आणि तसंच लुगड्याचं फडकं गुंडाळून मी यमुनेला चालवत मुरुडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरने ते बघितलं आणि मलाच शिव्या दिल्या. मी सांगितलं नाही की सासूने केलं. त्याने साबणाच्या पाण्याने कितीतरी वेळ धुतलं, मग तेजाबाने जखम जाळली. यमुनेने माझा दंड धरला होता, तिची नखं रुतली. डॉक्टरने विचारलं, कुत्रा कुठे आहे. मी म्हटलं, बांधलाय, नवरा मारायला टेकलाय त्याला. तर तो उठून उभाच राहिला. म्हणाला, मारू देऊ नका. कुत्रा पिसाळलेला असला तर दहा दिवसांत मरेल, मग पोरीला मुंबईला न्यायचं, पोटात चौदा इंजेक्शनं. दहा दिवस जगला तर पोरीला भीती नाही. पण तुम्हीच मारून टाकलात तर कळणार कसं.

मी म्हटलं, हे लिहून द्या, तोंडी सांगितलेलं आमच्यात कोणी ऐकत नाही. आणि बाळबोधात लिहा. त्याने कंपाउंडरकडून लिहवून घेतलं. ती चिठ्ठी मला अजून पाठ आहे. कुत्रा मारू नये. दहा दिवस बांधून ठेवावा व अन्नपाणी द्यावे. कुत्रा खाईनासा झाला, लाळ गळू लागली किंवा मेला तर मुलीस ताबडतोब मुंबईस न्यावे.

चिठ्ठी घेऊन परत आले तेव्हा भोंग्या जिवंत होता. आता अडचण ऐका. मुंबईला जायची वाट म्हणजे आगबोट, आणि पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायच्या होत्या. शेवटची आगबोट सातव्या दिवशी. दहा दिवस कुत्रा बघायचा आणि बोट सातव्या दिवशी निघून जाणार. पुढे नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. तुम्ही म्हणाल, मग आधीच न्यायची होती पोरीला. मीपण तेच म्हटलं होतं. सासू म्हणाली, लग्न ठरलेली पोर, पावसाळाभर मुंबईत कोणाकडे ठेवायची, आपलं हाय कोण तिकडे. आणि वाड्यात एकाने सांगितलं की त्या इंजेक्शनांनी त्याच्या ओळखीच्या माणसाचे पाय गेले, कमरेखालून लुळा पडला. मी डॉक्टरला जाऊन विचारलं. तो म्हणाला, क्वचित होतं तसं. खोटं बोलला नाही. म्हणून ठरलं की कुत्र्यावर नजर ठेवायची. सातव्या दिवसापर्यंत तो ठीक राहिला तर न्यायचं नाही, जरा जरी बिघडला तर त्या बोटीत बसवायचं. नजर ठेवणार कोण, तर मी.

चौथ्या दिवशी सकाळी पाटील आणि पाच सहा बाप्ये खळ्यावर आले, काठ्या आणि दोर घेऊन. पाटील म्हणाला, कुत्रं आमच्या ताब्यात दे. आमच्यात असं मानायचे की चावलेलं कुत्रं मारलं की त्याबरोबर माणसाच्या अंगातलं विषही मरतं. उलटं, कुत्रं जगलं तर विष चढत जातं, बाई कुत्र्यासारखी भुंकते, तिच्या पोटात पिल्लं होतात. शहाणी माणसं बोलायची हे. मी चिठ्ठी काढली आणि वाचून दाखवली. पाटील म्हणाला, कुत्रं तुझं, चिठ्ठी तुझ्या कमरेला आणि वाचणारीही तूच, आम्हाला काय ठाऊक त्यात काय लिवलंय. सगळे हसले. धर्मा तिथेच उभा होता. चिठ्ठी खरी आहे, एवढं त्याने म्हटलं असतं तर भागलं असतं, त्याने बहिणीचा हात बघितला होता, डॉक्टर काय म्हणाला ते मी त्याला शंभरदा सांगितलं होतं. उभा राहिला, पाय वाळूत खुपसून.

त्याच वेळी सुकी मासळी घ्यायला इस्माईलचाचा आले होते, मुरुडचे व्यापारी. मी म्हटलं, ह्यांना वाचू द्या. भोंग्याने चाचांची लुंगी दोनदा फाडली होती हे सगळ्यांना माहीत होतं, त्यांना कुत्र्याची माया असायचं कारण नव्हतं. चाचांनी चष्मा लावला, चिठ्ठी लांब धरली आणि मोठ्याने वाचली, अक्षर न अक्षर तेच. घडी घालून परत दिली आणि पाटलाला म्हणाले, मला विचाराल तर हा कुत्रा मी कधीच मारला असता, पण आज मारलात तर पोरीची पंचाईत कराल. मग पाटील म्हणाला, ठीक हाय, पण वाड्यात न्हाय ठेवायचं, कोणाच्या पोराबाळाला धरलं तर.

आमची एक जुनी होडी पावसाळ्यासाठी वर ओढून ठेवलेली होती, वरून नारळाच्या झापांनी शाकारलेली, वाड्यापासून लांब, उंडीच्या झाडाखाली. भोंग्याला मी त्या होडीत नेलं, आतल्या आडव्या लाकडाला बांधलं आणि बाहेर चटई टाकून बसले. घरातली भाकरी यमुना आणून द्यायची, डाव्या हाताने, उजवा गळ्यात बांधलेला. लांब उभी राहून विचारायची, वयनी, खाल्लं का त्याने. मी म्हणायचे, खाल्लं. मग ती जायची. रोज तेवढंच बोलणं. माझं काय होणार, असं तिने मला एकदाही विचारलं नाही. कुत्र्याने खाल्लं का, तेवढंच.

पाचव्या दिवशी तिच्या होणाऱ्या सासरकडच्या दोन बाया आल्या, बघायला. हात दुखतो का, हे विचारलं नाही. पाण्याची घागर तिच्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, बघ ह्यात. पिसाळलेल्याला पाण्याची भीती वाटते ना. कोळ्याची पोर, चालायच्या आधी पोहायला शिकलेली, ती घागरीकडे बघून रडायला लागली, अपमानाने. त्या म्हणाल्या, बघा, पाणी बघून रडते. लग्न मोडलं. माझी सासू त्यांच्या पाया पडत होती. मी होडीपाशी होते, मला हे चांगुणेने येऊन सांगितलं, आणि सांगताना ती हसली नाही. म्हणाली, हिरे, असली माणसं गेली तर जाऊ दे. तिच्या तोंडून पहिल्यांदा धड वाक्य ऐकलं मी.

सहाव्या दिवशी दुपारी धर्मा होडीकडे आला. केळीच्या पानात बांगडा घेऊन आला होता, चांगला ताजा. ह्या माणसाने त्या कुत्र्याला कधी काटा टाकला नव्हता. मी म्हटलं, काय हाय त्यात. म्हणाला, मासा हाय, दिसत न्हाय काय. मी म्हटलं, तूच खा मग, अर्धा माझ्यासमोर खा. त्याने पान मागे घेतलं. मी पान हिसकावून मासा फोडला, पोटात कुचल्याची पूड, कुत्री मारायचं विष, भरलेली. मी काय काय बोलले ते लिहू नका. तो म्हणाला, ती माझी बहीण हाय, कुत्रं मेलं की ती सुटेल. मी म्हटलं, कुत्रं तुझ्या कुचल्याने मेलं असतं, आणि आपण समजलो असतो की पिसाळून मेलं, आणि पोटात चौदा सुया खायला तिला मुंबईला धाडलं असतं, किंवा उद्याची बोट गेल्यावर मेलं असतं तर इथे बसून तिच्या मरणाची वाट बघितली असती, पावसाळाभर. तुझ्या बहिणीच्या जिवाचा दाखला त्या कुत्र्याच्या अंगात हाय, आणि तू तो फाडायला निघालास. मग तो वाळूत बसला. बापाच्या वेळी रडला नव्हता म्हणे, तो तिथे रडला. मला दया आली नाही. मी मासा खोल खड्ड्यात पुरला, वर दगड ठेवले आणि त्याला म्हटलं, पाणी आण प्यायला, माझं संपलंय.

आणि सातव्या दिवशी सकाळी भोंग्या खाईना.

तोंड अर्धं उघडं, लाळेची तार लोंबत होती. पाणी ठेवलं, त्यात तोंड घातलं आणि मागे घेतलं. चिठ्ठीतलं सगळं समोर घडत होतं, खाईना, लाळ गळते. आगबोट दुपारी येणार, माणसांना बोटीपर्यंत नेणारा मचवा किनाऱ्याला लागलेला. मी यमुनेला ओरडून सांगितलं, धर्माला सांग गाठोडं बांध, तू आणि तो मचव्याकडे जा, मी येते. ती गेली.

मग मी बसले आणि त्याच्याकडे बघत राहिले. पाच वर्षं मी ह्या कुत्र्याकडे बघत आले होते. डोळे तेच होते. मला बघून शेपटी हलली, थोडी. पुढच्या पायाने तो एकाच बाजूचा गाल घासत होता, उजवा, सारखा उजवाच. आदल्या दिवशी मी त्याला शिंगाळा माशाचं डोकं घातलं होतं, दुसरं काही मिळेना म्हणून. शिंगाळ्याचा काटा आरीसारखा असतो, कोळ्यांच्या हातात रुतला तर ताप येतो. ते डोकं मीच घातलं होतं.

काटा असेल, किंवा पिसाळला असेल. बाहेरून कळायला वाट नव्हती. तोंडात हात घालून बघायचं, आणि पिसाळलेला असला तर त्याची लाळ माझ्या अंगात जाणार. मी फार विचार केला असं सांगणार नाही. राग आला होता मला, सगळ्यांचा, त्या कुत्र्याचाही. पाटलाचा, सासूच्या पाटीचा, धर्माच्या वल्ह्याचा. मी डावा हात त्याच्या वरच्या जबड्यावर ठेवला, उजवा आत घातला. मागच्या दाढेपाशी बोटाला टोक लागलं. ओढलं तर निघेना, फिरवून ओढलं, तेव्हा त्याने दात मिटले, माझ्या अंगठ्याच्या मुळाशी. काटा हातात आला, बोटाएवढा, आणि माझं रक्त आणि त्याचं रक्त.

दात त्याने लगेच उघडले. मग पाण्याच्या भांड्यात तोंड घातलं आणि लपालपा प्यायला लागला, भांडं चाटून पुसून काढलं.

मी तशीच धावत मचव्याकडे गेले. यमुना गाठोड्यावर बसली होती, धर्मा मचवेवाल्याशी बोलत होता. मी काटा दाखवला. म्हटलं, हा होता, आता पाणी प्यायला तो. धर्मा म्हणाला, तुझा हात. मी म्हटलं, चावला मला. आता जे तिचं तेच माझं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग यमुनेकडे, मग मचव्याकडे. म्हणाला, तू सांग, बसवू का न्हाय. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं मला त्याने काही. मी म्हटलं, बसवू नको. यमुना उठली, गाठोडं उचललं आणि घरी चालायला लागली. मचवा गेला. थोड्या वेळाने आगबोटीचा भोंगा ऐकू आला आणि होडीतला कुत्रा रडायला लागला, नेहमीसारखा.

पुढचे तीन दिवस मी कसे काढले ते विचारू नका. तो जांभई द्यायचा तरी माझा जीव जायचा. धर्मा आठव्या दिवसापासून माझ्या शेजारी येऊन बसायला लागला, जाळं शिवत बसायचा. अकराव्या दिवशी सकाळी मी दोरी सोडली, कुत्र्याला घेऊन वाड्यातून चालत गेले, मुद्दाम सगळ्यांच्या दारावरून, आणि पाटलाच्या अंगणात त्याला मुतू दिलं. माझ्या चाव्याचे दहा दिवस अजून पुरे व्हायचे होते, ते मी एकटीने मोजले.

मग त्याला उलटं शिकवलं. माझंच डोकं, कोणी सांगितलं नव्हतं. यमुना लांब, पार उंडीच्या झाडापाशी पाटी डोक्यावर घेऊन उभी राहायची, आणि ती दिसली की मी त्याला जवळ्याची मूठ द्यायचे. पाटी खाली ठेवली की मूठ बंद. रोज दोन पावलं जवळ. पावसाळा सगळा त्यात गेला. तीच उभी राहायची, वाकडा हात वर करून. दिवाळीपर्यंत बायका पाट्या घेऊन समोरून जायच्या आणि तो माझ्याकडे बघायचा, देते का म्हणून. तरी मी त्याला पुन्हा कधी मोकळा सोडला नाही. विश्वास ठेवला नाही, त्याच्यावर नाही आणि लोकांवर तर नाहीच. चांगुणा म्हणायची, हिरे, आता तरी सोड त्याला. मी म्हणायचे, आधी तू तुझ्या नवऱ्याच्या हातातला दगड सोडव.

यमुनेचं लग्न पुढे दिघीला झालं, खाडीपलीकडे, हात बघून करून घेतलं त्यांनी. पाच मुलं झाली, एकही भुंकलं नाही. मला दोन झाली, उशिरा. भोंग्या त्यानंतर सहा वर्षं जगला आणि म्हातारा होऊन खळ्यावरच मेला. सासू, धर्मा, पाटील, चांगुणा, इस्माईलचाचा, सगळे आपापल्या वेळेला गेले. यमुना आहे, उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. मी आहे.